इरमचं मन मजबूत करायचं हाय

३ नोव्हेंबर, सोमवार

मोबाइलवरचा माणूस म्हणतो, खेळाडूनं मनातलं रोज लिवायचं, मन लोखंडागत होतं. इरमला वही दिली. ती म्हणाली, अम्मी, मला होमवर्क हाय. मग मीच लिवाय घेतलंय, तिच्या वतीनं. सातवीपर्यंत शिकल्यालं कामाला आलं.

तर इरमच्या मनात काय हाय? भ्या हाय. अकरा वर्साची पोर, तोंडाला जाळीचा मास्क, हातात तलवार, आन् समोरनं दुसरी पोर तलवार घिऊन अंगावर येती. टोक टेकलं की दिवा लागतो, पॉइंट जातो. दिवा लागला की माझ्या पोटात कळ येती. ती ॲसिडिटी हाय. भ्या इरमला वाटतं.

सोळा तारखेला जिल्हा स्पर्धा. पहिल्या चौघी राज्याला जाणार. इरम गेलीच पाहिजे. गेल्या साली कागलच्या संबोधीकडनं हरली आन् हासत भाईर आली. हरल्यावर हासणारं पोर आतनं घाबरल्यालं असतंय.

५ नोव्हेंबर, बुधवार

प्लॅन ठरला. राग. राग आला की भ्या पळतं.

तलवारबाजीच्या ग्रुपवरनं त्या संबोधीचा फोटो काढला, मोठा प्रिंट करून फ्रीजशेजारी भिंतीला चिकटवला. इरमला सांगितलं, जेवताना हिच्याकडं बघायचं आन् राग आणायचा. इरमनं बघितलं. म्हणाली, अम्मी, हिच्या दातात माझ्यागतच फट हाय.

सांच्याला शेजारच्या बायडाबाई साखर मागाय आल्या. फोटो बघून हात जोडले. म्हणाल्या, किती गोड पोरगी गं, कशानं गेली?

इरमचे अब्बा हासून हासून ठसका लागंपर्यंत हासले. घरात असला माणूस असल्यावर पोरीचं मन कसं घट्ट व्हायचं?

फोटो काढला. बायडाबाईला सांगितलं, साखर संपलीया.

८ नोव्हेंबर, शनिवार

कागलच्या पोरी आमच्या हॉलवर सरावाला आलत्या. नवा प्लॅन.

मॅच सुरू व्हायच्या आधी तलवार वर करून समोरच्या पोरीला सलामी द्यायची पद्धत हाय. मी इरमला म्हणलं, दुश्मनाला कसला सलाम? तलवार खालीच ठेव आन् नुस्ती बघत ऱ्हा. गार पडंल बघ ती.

इरमनं तलवार खाली ठेवली. संबोधी वाट बघाय लागली. दोघी नुस्त्या एकमेकींकडं बघत. इरमचे कोच विजयसिंह सर तिकडनं वराडले, काय गं, सलामी मी दिऊ का आता? इरम म्हणाली, अम्मीनं नको म्हणलंय. आख्खा हॉल माझ्याकडं वळला.

सर आले. म्हणाले, वहिनी, स्पर्धेत असं केलं तर पोरीला काळं कार्ड दावत्यात. काळं कार्ड म्हंजे एक मॅच न्हवं, आख्खी स्पर्धा गेली. थेट घर. मी म्हणलं, सर, तुम्ही पाय शिकवा, मन माझ्यावर सोडा. सरांनी कपाळाला हात लावला. जळत्यात.

दीप्ती, त्या संबोधीची आई, डबा पुढं करून म्हणाली, घ्या की ताई, थालीपीठ हाय. नको म्हणलं. खाऊ घालायचं आन् मन मऊ करायचं. असल्या ट्रिका मला कळत्यात.

११ नोव्हेंबर, मंगळवार

सरांनी पुण्यासनं मनाच्या मॅडम आणल्या. एकेक पोर आत जातं. इरमसंगं मी पण शिरलो.

मॅडमनी इरमला इचारलं, मॅचच्या आधी काय होतं? मी सांगितलं, झोप लागत न्हाय, जेवण जात न्हाय, हात गार पडत्यात. मॅडम म्हणाल्या, कुणाचे हात? मी म्हणलं, हे बघा की. आन् पुढं केले.

मॅडमनी माझे हात धरले. इरमला म्हणाल्या, बाळा, तू जा खेळाय, आईला पाच मिनिटं बसू दे.

लई वेळ बसवलं. थोडं रडू आलं, तिथला एसी नीट डोळ्यावर येत होता. मॅडमनी श्वास घ्यायला सोडायला शिकवला. म्हणाल्या, खेळायच्या पट्टीवर काय घडंल ते तुमच्या हातात न्हाय, तिच्या हातात हाय. व्हय का? आन् काय झालं तर दवाखान्यात कोण बसणार, मॅडम?

शिकल्याल्या बाया. इरमकडं बघितलं पण न्हाय त्यांनी.

१५ नोव्हेंबर, शनिवार

ठरलं. उद्या तोंडातनं आवाज काढायचा न्हाय. श्वास आत, श्वास भाईर. अब्बांनी माझ्याकडनं इरमच्या डोक्यावर हात ठिऊन कबूल करून घेतलं. मी म्हणलं, एवढं कशाला, मी काय लहान हाय? माझ्यागत शांत आई जिल्ह्यात सापडायची न्हाय.

इरम म्हणाली, अम्मी, तू घरी थांबलीस तरी चालंल. बघा, किती काळजी करती माझी.

१६ नोव्हेंबर, रविवार

झालं ते जसंच्या तसं लिवतो. लोकं तिखटमीठ लावत्यात.

पहिल्या मॅचा इरम जिंकली. मी गप्प. श्वास आत, श्वास भाईर. संबोधी तिच्या मॅचा जिंकून चौघीत गेली. इरमची चौघीत जायची मॅच चंदगडच्या पोरीसंगं. ताडमाड पोर, हात केवढाले. इरम मागं पडली. मग त्या पोरीनं टोक नीट इरमच्या तोंडावर घातलं. दिवा लागला. मी वराडलो, डोळं! इरम, डोळं सांभाळ!

पंचांनी मॅच थांबवली, माझ्याकडं पिवळं कार्ड धरलं. पहिली समज. अब्बांनी माझी ओढणी धरली.

परत टोक तोंडावर. इरमची मान मागं गेली. मला दिसलं, जाळीच्या आत गेलं. अगदी दिसलं. ओढणी अब्बांच्या हातात ऱ्हायली, मी पळत जाऊन दोघींच्या मधी शिरलो.

चंदगडच्या पोरीनं तलवार खाली घेतली. म्हणाली, काकू, सरका की.

पंचांनी काळं कार्ड काढलं. इरमला न्हवं, मला. खेळणाऱ्या दोघी पोरींनीच दंडाला धरून भाईर नेलं. दार लावलं. पाण्याच्या टाकीपाशी बसलो. आत काय चाललंय कळंना.

मग टाळ्या. दीप्ती पळत आली. म्हणाली, ताई, तुमची पोर चौघीत गेली! तुम्ही भाईर आल्यावर धडाधडा पॉइंट घेतले की वो!

अर्थ उघड हाय. मी मधी गेल्यावर त्या चंदगडच्या पोरीचं मन मोडलं. ह्याला म्हणत्यात मनाचा खेळ. कुणी माझं नाव घेणार न्हाय, नको घिऊ दे.

इरम भाईर आली, मास्क काखेत. मी तिचं डोळं तपासलं, एक एक. तिनं तपासू दिलं. म्हणाली, मला काय झालं न्हवतं, अम्मी. ते जाळीवर वाजतं नुस्तं. मग संबोधीसंगं पाणी प्याला गेली.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार, सकाळी ११

पोरींची गाडी राज्य स्पर्धेला गेली. सरांनी काल फोन करून सांगितलं, यंदा आईबापास्नी न्यायचं न्हाय, सगळ्यास्नी सारखा नियम. नियम हाय तर हाय. मला बी बरंच झालं, घरात कामं पडल्यात.

सरांचा फोन बंद लागतोय. म्हणून दीप्तीला लावला. म्हणलं, ती पण घरात बसून जीव टाकत असणार, तेवढाच धीर दिऊया.

ती म्हणाली, घरात कुठली ताई, मी गाडीतच हाय की, कराड आलं आता.

मागं पोरींचा दंगा चाललाता. त्यात इरमचं हासणं. दीप्ती म्हणाली, थांबा, देतो तिला. मग इरमचा आवाज आला, हळूच, पर आला. सांगा, झोपलीया म्हणून.

दीप्ती खाकरली. मग म्हणाली, ताई, झोपलीया वो.

मी म्हणलं, झोपू दे. उठवू नका.