दाताळ्याच्या पेटीतलं गाव

लातूर
दि. ४ सप्टेंबर २०२३

ती. आजीस,
आदिनाथचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

पत्र बघून घाबरू नको, तब्येत ठीक आहे. हॉस्टेलवाल्यांनी सगळ्यांचे फोन जमा करून घेतलेत. रविवारी दहा मिनिटं मिळतात, तीही बाबांच्याच नंबरवर. तुझ्या एकटीशी बोलायचं तर पोस्टाशिवाय दुसरी वाट नाही.

मागच्या टेस्टला माझे मार्क घसरले. बाबा म्हणाले, त्या बसच्या गेमनंच तुझं डोकं खाल्लं; सतरा तारखेच्या रविवारी दुकानवाल्याला बोलावतो, कॉम्प्युटरमधलं सगळं पुसून तो धुऊन काढतो आणि धाकट्या ऋतुजाला अभ्यासाला देतो. आजी, त्यात माझं किल्लारी आहे. तू शेजारी बसून सांगत होतीस आणि मी करत होतो ते, भूकंपाच्या आधीचं, गल्लीन् गल्ली. दोन वर्षांचं काम आहे आणि दुसरीकडं कुठंच नाही. मी शनिवारी संध्याकाळी निघतो आणि ते वाचवतो. रविवारची टेस्ट बुडेल. टेस्ट बुडली की वरच्या बॅचमधून काढतात. काढू देत.

बाबांना सांगू नको. ऋतुजाला तर नकोच, ती ऐकलेलं तसंच्या तसं पोचवते.

तुझा लोभ आहेच, जमलं तर थोडा धीर पाठव.
आदिनाथ


नांदेड
दि. ७ सप्टेंबर २०२३

चि. आदिनाथ यास सिंधुआजीचा आशीर्वाद. वि. वि.

पोस्टमननं पत्र माझ्याच हातात दिलं म्हणून वाचलास. धीर मागितलास. धीर काय पापड हाय का, डब्यात घालून पाठवायला?

तू यायचं न्हाई. आलास तर आतून कडी लावीन. काढू देत म्हणे! तुझे आजोबा हणमंतराव भूकंपानंतर टिनाच्या शेडात राहिले अन् त्याच हंगामात ज्वारी पेरली. लोकं म्हणाली, घरात एवढं झालं अन् ह्याला पेरणी सुचती. ते म्हणाले, रडायला मागून वेळ काढता येतो, पेरणीला न्हाई. तुझी ही पेरणी हाय. टेस्टला बसायचं.

पण अक्कल तुझीबी चरायला गेली होती. सगळं एका जागी ठेवलंस कसं? आमचं बियाणं, जमिनीचे कागद, डागडागिने अन् माझी सासू, सगळं एका माळवदाखाली होतं. पहाटे सगळ्याची एकच माती झाली. तवापासून मी बियाणं तीन घरांत ठेवते. तू त्याला हसत होतास. आता हस.

काम मी करते. मला कॉम्प्युटर चालू करता येतो, उंदीर धरता येतो, अन् तुझी बस मी औशापर्यंत नेली हाय. लिंबाला धडकली ती गोष्ट येगळी. लिंब तू रस्त्यात लावला होतास. इंग्रजी अक्षरं तेवढी येत न्हाईत. शेडातल्या साक्षरतेच्या वर्गात बाईनं मराठीच शिकवली. तवा आकार सांग. तुझा बाप दिवसा हापिसात असतो, ऋतुजा शाळेत, तुझी माय तिच्या बँकेत. घर माझंच हाय.

टेस्टला बसलास अशी खबर दे, लोभ आपोआप वाढंल.
सिंधु


लातूर
दि. ११ सप्टेंबर २०२३

ती. आजीस सा. न. वि. वि.

येत नाही. सतराला टेस्टला बसतो. तुझ्या कडीला कोण तोंड देणार?

आता नीट वाच. गेममध्ये आपण आपल्या हातानं जी भर घालतो तिला मॉड म्हणतात. आपलं गाव मॉडच आहे, लाल बस आणि जीपगाड्यासुद्धा. कॉम्प्युटरच्या आत तीन पेट्या आहेत. पहिलीवर विळ्यासारखं अक्षर आहे, दुसरीवर अर्ध्या भाकरीसारखं, तिसरीवर तीन दातांचं दाताळं. विळ्याची पेटी पहिल्याच वर्षी भरली, म्हणून मी गाड्या भाकरीच्या पेटीत टाकल्या आणि गाव दाताळ्याच्या.

तुला तिकडं हिंडायला नको. पडद्यावर डाव्या कोपऱ्यात 'किल्लारी' नावाची पिवळी पिशवी आहे, मी मराठीतच नाव दिलंय. तिच्यात सगळं सापडतं. माझ्या कपाटात लोकरी मोज्यात एक काळी चपटी डबी आहे. तिची वायर जोड. नवी पेटी दिसेल, तिच्यावर एक दात पडलेलं दाताळं असेल. मी कुणाचं नाव घेत नाही. पिवळी पिशवी उंदरानं धर, ओढत ने आणि त्या पेटीत सोड. वेळ लागेल, स्वयंपाक होऊन जेवणं उरकतील एवढा. मध्येच वायर काढू नको.

तुझ्या हाताला यश येवो आणि माझ्यावरचा राग उतरो.
आदिनाथ


नांदेड
दि. १८ सप्टेंबर २०२३

चि. आदिनाथ यास आशीर्वाद. वि. वि.

माझा दात पडला तो तुझ्या बापाच्या बाळंतपणात. त्यावर हसायचं असंल तर बापाला सांगून हस.

तू सांगितलं तसं केलं. पिशवी ओढली, सोडली. चहा गाळायच्या आत काम झालं! तू तर जेवणं उरकतील म्हणाला होतास. डबीत डोकावले तर सगळं जागच्या जागी दिसलं. दुसरी कुणी असती तर मोजा गुंडाळून मोकळी झाली असती. पण दिसतं म्हणून असतं असं न्हाई. भूकंपाच्या सकाळी आमच्या घराची चौकट तेवढी उभी होती. लांबून वाटलं घर वाचलं. जवळ जाऊन दारातून आत बघितलं तर मागं शिवार. तुझ्या डबीत चौकटच गेलीय असं मला वाटून राहिलं.

विचारायला तू लातुरात, अन् रविवार तोंडावर. मग मी कॉम्प्युटरच्या पाठीमागची जाड वायर उपसली अन् ज्वारीच्या पिंपात कोपरापर्यंत हात घालून पुरली. रविवारी दुकानवाला आला. तुझा बाप वायर शोधून राहिला, दुकानवाला घड्याळ बघून राहिला. गणपतीच्या लाइटिंगची घाई होती त्याला. पुढच्या रविवारी वायर घेऊन येतो म्हणाला अन् गेला. तुझ्या बापानं ऋतुजाला झापलं. तिनं झुरळाच्या भीतीनं कधी कॉम्प्युटरच्या मागं हात घातला न्हाई, पण म्हणलं ऐकून घेऊ दे. चुगल्यांचं व्याज फिटलं.

आता खरं काय ते लिही, अन् बिगी लिही. पुढच्या खेपेला पिंपात कॉम्प्युटर मावायचा न्हाई.

लोभ हाय, पण तुझ्या उत्तरावर तोलून.
सिंधु


लातूर
दि. २० सप्टेंबर २०२३

ती. आजीस सा. न. वि. वि.

स्पीड पोस्टानं धाडतोय. टेस्टला बसलो. फिजिक्स बरं गेलं, बॅच टिकली.

आजी, चौकटच गेली. त्या पिवळ्या पिशवीच्या कोपऱ्यात एक वाकडा बाण आहे. बाण असला की ती पिशवी नसते, नुसती पाटी असते: माल अमक्या पेटीत आहे एवढं सांगणारी. मीच ती सोयीसाठी लावली होती आणि रोज तिच्यातूनच आत जायचो, म्हणून विसरलो. डबीत पाटी गेली. तू उघडलीस तेव्हा पाटीनं तुला जुन्याच पेटीत नेलं, म्हणून सगळं दिसलं. कॉम्प्युटर धुतला असता तर उरली असती ती पाटीच.

आता बाणवाल्या कशालाच हात लावू नको. भाकरीच्या पेटीत 'गाड्या' नावाची पिशवी आहे, दाताळ्याच्या पेटीत 'गाव'. दोन्ही ओढून डबीत सोड. कंपासपेटीत बोटाएवढा पेन ड्राइव्ह आहे, त्यात एकटं गाव मावेल.

नाही जमलं तरी मनाला लावून घेऊ नको.
लोभ कमी झाला असेल तर मार्कांनी भरून काढतो.
आदिनाथ


नांदेड
दि. २६ सप्टेंबर २०२३

चि. आदिनाथ यास आशीर्वाद. वि. वि.

मनाला लावून घ्यायला मला सवड न्हाई. जमलं. ह्या खेपेला भाकरी झाल्या, भांडी झाली, पाणी येऊन गेलं, तरी हिरवी पट्टी मुंगीसारखी सरकूनच राहिली होती. तवा पटलं की पोतं भरून राहिलं. पण काय तुझा संसार! गाड्या एका घरात, गाव दुसऱ्या घरात, अन् दाराला नुसती पाटी. परत घडी घालशील तवा रीत शिकून घाल.

गावात मला दारात बसलेली केलीस. मी जन्मात दारात बसले न्हाई. उठव तिला अन् हातात खुरपं दे.

वायर पिंपात सापडली म्हणून मीच आरडाओरडा केला. रविवारी दुकानवाल्याला उशीर झाला. तुझ्या बापानं, पोरानं असं काय भरून ठेवलंय बघू म्हणून कॉम्प्युटर लावला. बसमध्ये बसला. औसा गेलं, फाटा गेला, गाडी गावात शिरली. मी दोनदा जेवायला हाक मारली, ताट तसंच. आमच्या गल्लीच्या तोंडाला बस अडकली. अडकणारच, तिथं बैलगाडी मुश्किलीनं वळायची. गाव पडलं तवा तो तेरा वर्षांचा होता. मग म्हणाला, शाळेचं दार चुकलंय, ते मारुतीच्या समोर होतं. मी म्हणलं, मला काय ठाऊक, मी शाळेत गेले न्हाई.

मग दुकानवाला आला. तुझ्या बापानं लेकीला शब्द दिला होता. धू म्हणाला. धुतला. त्याचा बापबी शब्दाला असाच होता. असल्या माणसांशी संसार करायला लई कलेजा लागतो.

तवापासून त्यानं दोनदा विचारलं, असलं काही दुसरीकडं कुठं शिल्लक राहतं का. मी म्हणलं, अडाणी बाईला काय कळतं. डबी ज्वारीत हाय. बोटाएवढं गाव माझ्या बहिणीकडं, पारूबाईकडं, हिमायतनगरला गेलं. नातवाच्या परीक्षेचा ताईत हाय म्हणून सांगितलं. हळदीकुंकू वाहू नको एवढं बजावलं हाय.

तुझी परीक्षा झाली की डबी काढीन, अन् तुझ्या शेजारी तुझ्या बापाला बसवीन. शाळेचं दार तोच लावंल. तवर तुला न्हाई अन् त्यालाबी न्हाई. घाई करू नको. गाव कुठं पळत न्हाई. एकदा जाऊन आलंय.

लोभ ज्वारीखाली कोरडा ठेवला हाय.
सिंधु