तांब्याचा वायसर अन् पांढरी पँट

परतूर, रविवार, जानेवारी १९७४

जिंकलो! फटफटीची ऑइलची नळी गळायची थांबली. दोन महिने पांढऱ्या पँटची उजवी बाजू तेलानं काळी, वर्गात पोरं हसून राह्यली. करीमभाई मिस्त्री दर खेपेला नट आवळायचे, वरून साबण फासायचे अन् म्हणायचे, "मास्तर, नवी नळीच आणा." नळी बिलकुल चांगली होती! जोडातला तांब्याचा वायसर, ती बारकी चकती, दबून कडक झाल्ता. मला आधी का सुचलं न्हाई? आज तो चुलीत लाल केला, पाण्यात टाकला, मऊ झाला तसा बसवला. जालन्याला जाऊन आलो, पँट कोरडी. मंग थेट करीमभाईंच्या दुकानापुढं गाडी लावली. त्यांनी नळीवर बोट फिरवलं, बोट कोरडंच. हळूच म्हणाले, "मास्तर, कसं केलं ते मलाबी शिकवा."

म्हणलं, "या उद्या. पांढरी पँट घालूनच शिकवतो."