पूर्वीशी कोण बोलणार

मी, बुधाजी हाशा नाखवा, वय ७१, बंदरातील क्रेनचालक म्हणून निवृत्त, मूळचा उरणचा, सध्या राहणार कामोठे, तालुका पनवेल, जिल्हा रायगड, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे, कोणी माझा हात धरलेला नाही आणि सकाळपासून चहाशिवाय काही घेतलेले नाही. येत्या मंगळवारी माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टरांनी धोका किती हे सांगितले तेव्हा त्यांनी माझ्याकडे न बघता फाइलकडे बघितले, म्हणून हे काम मी आजच उरकत आहे.

१. माझ्या बुद्धीविषयी. इतरांना यासाठी एक ओळ पुरते. मला पुरणार नाही, कारण माझा पुतण्या प्रितेश (राहणार कोन गाव) याने गेल्या दोन महिन्यांत नातेवाइकांत आणि आमच्या सोसायटीत सांगत फिरण्याचा सपाटा लावला आहे की काकाला भ्रम झाला आहे. त्याचा पुरावा म्हणजे माझ्या कपाटातल्या अकरा वह्या. त्यांत जी भाषा आहे ती जगात कुठेच नाही आणि मी घरात तीच बोलतो, असे तो म्हणतो. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. भ्रमाची गोष्ट खोटी आहे. आज सकाळी डॉ. समीक्षा गावंड यांनी मला तपासले, शंभरातून सात-सात वजा करायला लावले. मी दोन्ही भाषांत करून दाखवले. त्यांनी मराठीतले लिहून घेतले. तो दाखला सोबत जोडला आहे.

२. माझ्या मुलीविषयी. माझे एकच अपत्य, पूर्वी, वय ३४. तिला ऐकू येते, मराठी कळते, ती वर्तमानपत्र वाचते आणि बँकेत सही करते. ती मराठी बोलत नाही. हे कसे झाले ते लिहून ठेवतो, म्हणजे माझ्यामागे कोणी आपल्या मनाचे सांगू नये.

पूर्वी पाच वर्षांची होती. माझी बायको मैना रोज सकाळी मासळीची पाटी घेऊन पळस्प्याच्या नाक्यावरच्या हॉटेलांत द्यायला जायची. निघताना उंबऱ्यातून म्हणायची, "येते गो बाय." त्या दिवशीही म्हणाली. नाक्यावर टेम्पो उलटला. दुपारी बायका जमल्या तेव्हा पूर्वी उंबऱ्यातच बसलेली होती. शेजारच्या गंगाबाईने तिला जवळ घेतले आणि म्हणाली, "बाय, आय गेली तुझी." पूर्वी म्हणाली, "नाय. येते बोलली." हे तिचे मराठीतले शेवटचे वाक्य. ते मी माझ्या कानांनी ऐकले आहे.

आपण सगळेच निघताना येतो म्हणतो. जातो म्हणणे वाईट, असे आपल्याला लहानपणी शिकवलेले असते. त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. पूर्वीला वाटले. जी भाषा जाणाऱ्याला येते म्हणायला लावते ती तिने टाकली आणि सहा-सात महिने काहीच बोलली नाही. मग एक दिवस जेवताना तिने भाताकडे बोट दाखवून "लुमूवा" असे म्हटले. मी ताट पुढे केले. जेवण संपल्यावर रिकाम्या ताटाकडे बघून म्हणाली, "लुमूसू." मी कोळ्याचा मुलगा. भरती आणि सुकती, म्हणजे ओहोटी, मला कोणी समजावून सांगावी लागत नाही. जे येते आहे त्याला ती शेवटी 'वा' लावत होती, जे चालले आहे त्याला 'सू'. मी उठलो, हात धुतले आणि बंदरातून आणलेल्या हजेरीच्या कोऱ्या वहीत पहिले दोन शब्द लिहिले.

नियम आम्ही दोघांनी मिळून केले. शब्द मात्र तिचेच. मी एकही घातलेला नाही. काळ नाहीत. हुकूम करायचे रूप नाही. प्रश्न विचारायचा तर शेवटचे अक्षर दोनदा म्हणायचे. 'येते' आणि 'जाते' यांची गल्लत करता येईल अशी एकही जागा त्यात नाही. आज शब्द दोन हजारांवर आहेत. एवढी वर्षे ती बोलणारी माणसे दोन होती. हाच माझा घोर आहे आणि या मृत्युपत्राचे कारणही हेच.

३. माझ्या चुकीविषयी. पूर्वी आठ वर्षांची असताना मुंबईच्या एका डॉक्टरने सांगितले की तुम्ही तिला त्या भाषेत उत्तर देता म्हणून ती मराठीत येत नाही. भात मराठीत मागेपर्यंत देऊ नका. मी दोन दिवस आणि एक सकाळ दिला नाही. तिने मागितला नाही. माझ्यासमोर बसून ती जाळे विणत राहिली. तिसऱ्या दिवशी दुपारी मीच म्हटले, "लुमूवा." त्या दोन दिवसांची मला अजून लाज वाटते. आणि त्या डॉक्टरचे बरोबर होते का, मीच तिला या दोन माणसांच्या भाषेत कोंडून ठेवले का, हेही मला अजून माहीत नाही. माझ्या थोरल्या भावाने, प्रितेशच्या बापाने, चारचौघांत "तूच पोरीला मुकी केलीस" असे म्हटले होते. तो वारला, पण त्याला मी ते माफ केलेले नाही आणि इथे करत नाही.

४. प्रितेशविषयी. माझ्या वाट्याची उरणची होडी, नांगर आणि दोर यांसह, प्रितेशला द्यावी. त्याला होडी चालवता येत नाही, पण ती त्याच्या बापाचीही होती. घरावर त्याचा हक्क नाही. कारण लिहितो.

गेल्या गणपतीत तो माझी पहिली वही मला न विचारता घेऊन गेला आणि आठ दिवसांनी पेढे घेऊन आला. पूर्वीला खूश करायचे त्याच्या मनात होते, असे मी धरून चालतो. दारात उभा राहून तो मोठ्याने म्हणाला, "सापीसू." त्याला म्हणायचे होते, तुमच्या घरी आलो. सापी म्हणजे घर, पण त्याने सुकतीचा प्रत्यय लावला. पूर्वीने ऐकले ते असे: घर चालले. ती न्हाणीघरात शिरली, आतून कडी लावली आणि तिन्हीसांजेपर्यंत बाहेर आली नाही. प्रितेश मला म्हणाला, "काका, तुमी दोघां पन येडी झालाव. हिला कुठंतरी ठेवायला पायजे, आनि जागा इकायला पायजे." म्हणजे पूर्वीने ऐकले ते चुकीचे नव्हते.

पहिल्या वहीची झेरॉक्स त्याला द्यावी. मूळ वही देऊ नये. कधी त्याला खरोखर शिकावेसे वाटले तर पूर्वी त्याची परीक्षा घेईल. दार बंद करावे असे माझे म्हणणे नाही.

५. घराविषयी. कामोठ्यातील आमची सदनिका, आतील सामानासह, आणि बँकेतील ठेव पूर्वीच्या नावे करतो. जाळी विणायच्या लाकडी सुया आणि सुताचे गुंडे तिचेच आहेत. ते माझे नसल्याने मी देत नाही, फक्त नोंद करतो. तिने विणलेली जाळी उरणच्या सात होड्यांवर आहेत.

या मृत्युपत्राची व्यवस्था पाहण्यासाठी मी जास्मीन फहाद मुकादम यांना नेमतो. त्यांचे आमच्या इमारतीत खाली ब्लाउज शिवायचे दुकान आहे. नवरा कतारला असतो. पूर्वीच्या हयातीनंतर सदनिका जास्मीन यांना किंवा त्यांच्या वारसांना जावी. कोळ्याचे घर मुसलमान बाईच्या हाती का, असे माझे लोक विचारतील. उत्तर देतो.

दोन वर्षांपूर्वी मी तपासण्यांसाठी हॉस्पिटलात जाऊ लागलो तेव्हा जास्मीन दुपारी वर येऊन पूर्वीजवळ बसायची. वह्या मागून घेऊन तिने थोडे शब्द शिकले. पहिल्या दिवशी दुकान उघडायला निघताना, आपल्या सवयीप्रमाणे, ती भरतीचा प्रत्यय लावून बोलली: येते. पूर्वी दाराशी जाऊन उभी राहिली. मी घरी आलो तेव्हाही उभीच होती आणि जेवण तसेच झाकलेले होते. मी खाली जाऊन जास्मीनला तिची चूक सांगितली, पुढच्या वेळी 'सू' लावा म्हटले. समोर गिऱ्हाईक बसले होते. तिने मापाची टेप गळ्यातून काढून ठेवली. म्हणाली, "काका, पुढचं पुढे. आज मी येते बोललेय ना तिला? जबान दिली ती दिली." आणि गिऱ्हाइकाला बसवून वर आली.

तेव्हापासून ती 'वा' म्हणाली की येते आणि यायचे नसेल तर 'सू' म्हणते. एवढे माझ्या सख्ख्यांपैकी एकालाही जमले नाही. तिला अजून चारशेच शब्द येतात, व्याकरण कच्चे आहे आणि 'ळ' ती 'ल' म्हणते. पण पूर्वी तिच्याशी स्वतःहून बोलत नाही, फक्त उत्तर देते. मला झोप लागत नाही ती यामुळे. उत्तर देणे म्हणजे बोलणे नव्हे. मी गेलो आणि पूर्वीने पुन्हा तोंड मिटले तर घर, ठेव, हे कागद, सगळे फुकट आहे.

६. मंगळवारविषयी. हे कलम घराच्या कलमापेक्षा महत्त्वाचे समजावे. मंगळवारी सकाळी घरातून निघताना मी पूर्वीला "दोसू" म्हणणार आहे. दो म्हणजे बाप. बाप चालला. मला ते म्हणताना फार भीती वाटणार आहे, पण तिला खोटे ऐकवणार नाही. शुद्धीवर येऊन परतलो तर दारात "दोवा" मीच म्हणेन. दुसऱ्या कोणीही, डॉक्टरांनी, नातेवाइकांनी, समाचाराला आलेल्या बायाबापड्यांनी, तिला धीर देण्यासाठी "बाबा येतील हां" असे म्हणू नये. मराठीतही नाही. म्हटले तर ती उंबऱ्यात बसेल आणि या वेळी तिला उठवायला मी नसेन. मेलो तर जास्मीनने तिच्या शेजारी बसून एकदाच "दोसू" म्हणावे आणि दुकानात जाऊ नये. दिवस-कार्य काय करायचे ते पूर्वीला विचारून करावे.

७. अकरा वह्या पूर्वीच्या. कोणी त्या छापायला, अभ्यासाला वा कोर्टात पुरावा म्हणून मागितल्या तर तिची परवानगी घ्यावी.

८. शेवटची नोंद, सह्यांच्या आधी. वकील रुचिरा भोईर यांनी कलमे वाचून दाखवली तेव्हा घरात पूर्वी, जास्मीन आणि साक्षीदार हजर होते. पूर्वीने सगळे ऐकले. सहावे कलम वाचताना ती माझ्याकडे बघत होती आणि मी खाली बघत होतो. वाचन संपले. मग पूर्वी उठली, जास्मीनजवळ गेली आणि काहीतरी म्हणाली. कोणी विचारले नसताना. जास्मीनने एक शब्द उत्तर दिले, पूर्वीने तो सुधारला, जास्मीनने पुन्हा म्हटला आणि दोघी हसल्या.

मी कान देऊन ऐकत होतो. तो शब्द माझ्या अकरा वह्यांत नाही. त्याचा अर्थ मला माहीत नाही. वकीलबाईंनी विचारले, काय म्हणाली? मी मला कळले नाही म्हणून सांगितले, आणि पेन मागून घेऊन ही नोंद लिहिली. आता सही करतो.

बुधाजी हाशा नाखवा
(सही)

वरील इसमाने आमच्या डोळ्यांदेखत, शुद्धीत व स्वखुशीने सही केली. आम्ही त्याच्यासमोर व एकमेकांसमोर सह्या केल्या.

साक्षीदार:
१. डॉ. समीक्षा गावंड, कामोठे (सही)
२. अवधूत मढवी, सोसायटीचे सचिव, कामोठे (सही)

ठिकाण: कामोठे, पनवेल
दिनांक: शुक्रवार, १४ नोव्हेंबर २०२५