बुडखा वर, शेंडा खाली

४ नोव्हेंबर

आले एकदाची. मात्सुमोतोला उतरले तेव्हा डोंगरमाथ्यांवर बर्फ पडून गेलं होतं आणि ऊन असं लख्ख होतं की स्टेशनापासून चालतच आले. नागोयाच्या चारशे खोल्यांच्या हॉटेलात बावीस वर्षं काउंटरमागे उभी राहिले. इथे खोल्या सात, आणि सातही माझ्या हाताखाली. जाड मातीच्या भिंतींचं हे जुनं कोठार कुराशिना-सानांनी विकत घेऊन आतून पार नवं केलं. वास्तुविशारद तेच, मालकही तेच. मला राहायला मागची खोली आहे आणि तिच्या खिडकीतून शेजारच्यांचं पर्सिमनचं झाड दिसतं.

आत शिरताच मधोमध एक खांब आहे, अख्ख्या झेल्कोव्हाच्या खोडाचा. खाली निमुळता आणि वर छताशी फुगत जाणारा. असा खांब मी कुठे पाहिला नव्हता. पाहुणे आधी त्याचाच फोटो काढतात.

आईला गावी, ओकायाला, फोन केला. ती म्हणाली, "चारशे खोल्यांचं सोडून सात खोल्यांची राखण करायला गेलीस? लोक वर चढतात, शिनोबू, तू पायऱ्या उतरतेस." तेवीसच्या सुट्टीला ती बघायला येणार आहे. पाच नंबरची खोली तिच्यासाठी आत्ताच धरून ठेवली. तिच्या तोंडून एकदा 'बरं केलंस' ऐकायचंय. एकावन्नाव्या वर्षी अजून हेच हवं असतं, याची लाजही वाटते.

७ नोव्हेंबर

नव्याची नवलाई तीन दिवसांत संपली. दिव्यांची बटणं कुराशिना-सानांनी भिंतीत अशी लपवलीत की काल एका बाईंनी मोबाईलच्या उजेडात केस वाळवले. खुर्च्या इतक्या बुटक्या की बसलेल्याला हात देऊन उठवावं लागतं. दारांवर खोल्यांचे नंबर लावलेले नाहीत, कारण नंबरांनी भिंत बिघडते. तेराशिमा-सान म्हणून पियानो जुळवणारे एक निवृत्त गृहस्थ आलेत, ते दोनदा दुसऱ्याच्या खोलीत शिरले. मी तक्रार लिहून पाठवली तर उत्तर आलं, 'भिंतीला श्वास घेऊ द्या.' सफाईच्या चिएको-सान म्हणतात, "दारं ठेवलीत हेच उपकार समजा. पुढच्या हॉटेलात तीही नसतील."

तेराशिमा-सान सकाळी जेवायला आले ते हॉटेलचा सुती झगा, युकाता, उलटा गुंडाळून, उजवी बाजू वर. जिवंत माणसाची डावी बाजू वर असते, उजवी वर घेऊन आपण प्रेताला नेसवतो, हे शाळेतलं पोरही सांगेल. मी हळूच सुचवलं. बिचारे ओशाळले आणि आत जाऊन नीट करून आले. चहा संपेपर्यंत पुन्हा तेच. औषधासाठी कोमट पाणी केलं तेही आधी गार घेऊन वर गरम ओतून. असं पाणी आपण फक्त गेलेल्या माणसाला आंघोळ घालताना करतो. म्हटलं, वय झालंय.

८ नोव्हेंबर

तेराशिमा-सान गेल्यावर खोली आवरताना दिसलं, उशाचा घडीचा कागदी पडदा उलटा उभा होता. बगळ्यांचे पाय वर आणि चोची खाली. मयताच्या उशाशी ठेवतात तसा. मी चिएको-सानना झापलं. त्या म्हणाल्या, "चाळीस वर्षं खोल्या झाडतेय, बाई. पडद्याची वरची बाजू मला कळत नाही होय?" आणि दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत. माझंच चुकलं. पण मग उलटा केला कोणी?

१२ नोव्हेंबर

तेराशिमा-सानांच्या बायकोचा फोन आला. त्यांचा चष्मा इथे राहिलाय, पाठवाल का, म्हणाल्या. परवा घरी खुर्चीत बसल्या बसल्या गेले. चष्मा त्यांच्याबरोबर द्यायचाय. मी तो दोनदा पुसून डब्यात घातला. अठ्ठ्याहत्तर वय होतं. या वयात माणसं जातात.

१५ नोव्हेंबर

सेंदाईच्या कोनिशीबाई, मातीच्या भांड्यांचं दुकान चालवतात. चाळिशीच्या, खणखणीत, जिने धावत चढणाऱ्या. आज सकाळी उजवी बाजू वर. गार पाण्यात गरम. खोलीत पडदा उलटा. मी तिन्ही गोष्टी नीट केल्या आणि त्या निघेपर्यंत तिन्ही पुन्हा उलटल्या. बाई हसल्या, "तुमच्या इथली हवाच अशी आहे का?"

कुराशिना-सानांना सगळं सविस्तर लिहिलं. उत्तर: तक्रार पाहुण्यांची आहे की तुमची? पालथ्या घड्यावर पाणी. नागोयात निदान वरचा माणूस ऐकल्याचं सोंग तरी आणायचा.

१७ नोव्हेंबर

एक दार घासत होतं म्हणून ओगिहारा-सान सुतार आले. या वास्तूचं सगळं लाकूडकाम त्यांचंच. त्र्याहत्तर वर्षांचा माणूस, खांबाजवळून जाताना टोपी काढली आणि लांबून वळसा घातला. चहा देऊन मी सरळच विचारलं. ते कप खाली ठेवून बोलू लागले.

"झाड उगवतं तसाच खांब उभा करायचा, मॅनेजरबाई. बुडखा खाली, शेंडा वर. हा उलटा आहे. साहेबांना फुगीर बुंधा वर हवा होता, झाड उमलल्यासारखं दिसतं म्हणे. मी म्हटलं, असं करत नाहीत. ते म्हणाले, का करत नाहीत ते सांगा. आता ते काय सांगणार? माझ्या गुरूंनीही कधी सांगितलं नाही. नुसतं, करत नाहीत."

मग म्हणाले, उलटा खांब घरातलं सगळं उलटं करतो एवढं ऐकून आहे. आणि आपल्यात सगळं उलटं कधी करतात ते तुम्हाला ठाऊकच आहे.

मला त्यांचा रागच आला. ठाऊक होतं तर उभा का केला? ते म्हणाले, पोटासाठी.

१८ नोव्हेंबर

सेंदाईला कोनिशीबाईंच्या दुकानात फोन लावला. नुसती चौकशी म्हणून. बहिणीने उचलला. काल दुपारी, दुकानातच.

चाळिशीच्या होत्या.

१९ नोव्हेंबर

कुराशिना-सानांशी तासभर फोनवर भांडले. हॉटेल बंद ठेवा म्हटलं. ते म्हणाले, पंचवीसला मासिकाचे फोटोवाले येणार आहेत आणि मुखपृष्ठावर तोच खांब आहे. वर मला म्हणाले, मोमोसे-सान, तुम्हाला विश्रांतीची गरज आहे. मी उरलेल्या पाहुण्यांना स्वतःच्या जबाबदारीवर दुसरीकडे हलवलं. पुढची नोंदणी बंद केली. नोकरी जाईल. जाऊ दे.

मग आईला सांगितलं, येऊ नकोस. कारण विचारलं तर म्हटलं, नळ बिघडलेत. ती म्हणाली, "बावीस वर्षं मला एकदाही बोलावलं नाहीस. आता बोलावून नको म्हणतेस? तिकीट काढलंय. लोणच्याचा डबा भरलाय. मी येणार." फोन ठेवला. पुन्हा लावला तर उचलेना. या बाईपुढे मी आजवर कधी जिंकले नाही.

२१ नोव्हेंबर

ओगिहारा-सानांच्या घरी गेले. दारातच मी खाली वाकले आणि उठलेच नाही. शेवटी त्यांनी आत घेतलं. खांब काढायचा तर आधी छताला टेकू द्यावे लागतील, माणसं लागतील, मालकाची परवानगी तर नाहीच. मग बायकोकडे बघून म्हणाले, "मीच उभा केला, मीच उतरवीन. तेवीसला सकाळी येतो." म्हातारी त्यांची हत्यारं पुसायला बसली.

२२ नोव्हेंबर

पाच नंबरचा पडदा अंगणात नेऊन ठेवला. थर्मास काढला. सगळे युकाता कपाटाबाहेर काढून गाडीत कुलूपबंद केले. आई स्वतःच्या कपड्यांत झोपेल. तिच्या जवळ उलटं करता येईल असं काही ठेवलेलंच नाही.

चिएको-सानना रजा दिली. जाताना माझ्याकडे टक लावून बघत होत्या. काहीतरी बोलायचं होतं. मी घाईत होते—

२३ नोव्हेंबर, सकाळ

आई आली. खांब उतरेपर्यंत तिला स्टेशनावरून थेट ओगिहारा-सानांच्या घरी नेणार होते, पण ती टॅक्सी करून आधीच दारात उभी. खांबाकडे बघून म्हणाली, "झाड डोक्यावर उभं केलंय की काय?"

बाहेर थांबायला तयार होईना, म्हणून पाच नंबरला बसवलं. तासभर झाला. तिच्या बंदांच्या जाकिटाची डावी बाजू वर आहे. मी दहादा बघितलं. चहा तिने स्वतः आणलेल्या थर्मासातून केला. आधी गरम, मग गार. ठीक आहे. सगळं ठीक आहे. मला रडू आलं.

आई म्हणाली, एवढी दमलीस? मग खोलीभर नजर फिरवली, भिंतीवरून हात फिरवला. म्हणाली, "बरं केलंस हो, शिनोबू. छान आहे."

मग जवळ आली. माझ्या गणवेशाच्या बंदांच्या सदऱ्याला हात घातला. म्हणाली, आणि हे काय घातलंयस? उजवी बाजू वर?

२३, थोड्या वेळाने

चिएको-सान हेच बघत होत्या तर.

आईने नीट करून बांधला. पुन्हा उलटला. तिने सुईदोरा काढून शिवून टाकला. तरी उलटलाच, आता टाके आतल्या बाजूने आहेत. काढून टाकला आणि तिचं जाकीट घातलं—तेही.

इथून निघालेले दोघेही आपापल्या गावी पोचूनच वारले. तेव्हा निघून जाण्यात अर्थ नाही. खांब उतरला तरच.

बाहेर दालनात हातोड्याचा आवाज येतोय. ओगिहारा-सान टेकू लावताहेत. चार लागणार. दोन झाले म्हणतात.

आई सोडत नाहीये. दोन्ही हातांनी डावी बाजू वर धरून बसलीय. दर वेळी उलटते, दर वेळी ती नीट करते. मला म्हणते, तू बोलत राहा, लिहीत राहा, विसरू नकोस.

तिसरा टेकू.

लिहिते. बुडखा खाली, शेंडा वर. आधी गरम, मग गार. जिवंत माणसाची डावी बाजू वर.

जिवंत माणसाची डावी बाजू वर. आई, हात सोडू—

बुडखा खाली. आधी गार, मग गरम. नाही. आधी

जिवंत माणसाची उजवी बाजू