हनुवटीचे टाके

कळवा, २ नोव्हेंबर २०२५

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

भाऊबीजेला तुझ्याकडे आलेलो, त्याचं पत्र आज लिहितोय. मोबाईलवर एका मिनिटात झालं असतं. पण मी आठवीत शाळा सोडून वागळे इस्टेटमध्ये लेथवर उभा राहिलो, तेव्हा तू घातलेला नियम अजून चालू आहे. महिन्याला माझं एक पत्र, उलट टपाली तुझी लाल शाईतली दुरुस्ती आणि एक इंग्रजी वाक्प्रचार. त्या वाक्प्रचारांवर मी जर्मन गिऱ्हाईकं सांभाळली.

अक्का, यंदा तू मला दोनदा ओवाळलंस. जेवणाआधी एकदा, मग चहाच्या वेळी पुन्हा पाट मांडलास. मी आपला पुन्हा बसलो. म्हटलं, आयुष्य दुप्पट होईल. नंतर तू हसून ‘स्लिप्ड माय माइंड’ म्हणालीस. त्या दुपारी ते चार वेळा झालं. ‘टिप ऑफ माय टंग’ तीनदा, त्यात एकदा तर जावयाचं नाव घेताना. बेअरिंग जाणार असलं की मला आधी ऐकू येतं, कानाला सवयच तशी.

असो. परवा आपल्या चाळीतला धोंडिबा आठवला. त्याच्या सायकलवरून तू खाडीच्या बांधावर पडलेलीस, हनुवटीला तीन टाके पडलेले. आठवतं ना?

आहे तो लोभ तसाच राहू दे.
तुझा प्रफुल्ल

—

डोंबिवली, ९ नोव्हेंबर २०२५

चि. प्रफुल्ल यास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या पत्राची दुरुस्ती वेगळ्या कागदावर सोबत जोडली आहे. तीन चुका. साठी उलटली तरी स्वल्पविरामाशी तुझं वैर आहेच. आणि दोनदा ओवाळलं म्हणून तक्रार करणारा भाऊ पहिल्यांदाच पाहिला.

या महिन्याचा वाक्प्रचार ‘रिंग्ज अ बेल’. नीटसं आठवत नाही, पण ओळखीचं वाटतं, अशा वेळी वापरावा. तुझ्या धोंडिबाचंच घे. नाव वाचलं आणि बेल वाजली! हिरवी सायकल होती त्याची. पडले मी आणि भोकाड पसरलंस तू.

ऋतिका बंगळूरहून रोज फोन करते आणि आज वार कोणता ते विचारते. चौतीस वर्षं वर्गात प्रश्न मी विचारले, आता लेक माझी तोंडी परीक्षा घेते. डिसेंबरात हा फ्लॅट बंद करून मला घेऊन जायचं तिच्या मनात आहे. सकाळी पाचजणी माझ्याकडे इंग्रजी शिकायला येतात, त्यांनी कुठे जायचं? तिचा विश्वास फक्त मामावर. आई ठणठणीत आहे, एवढं तिला सांग. तुझा शब्द ती मोडणार नाही.

घरी सर्वांना माझी आठवण सांग.
तुझी अक्का

—

कळवा, १५ नोव्हेंबर २०२५

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र उभ्या उभ्या वाचलं आणि खाली बसलो.

अक्का, धोंडिबा नावाचं कोणी आपल्या चाळीत नव्हतंच. सायकल नव्हती, टाके नव्हते. माप तपासायच्या गेजवरच शंका आली की आम्ही जाणूनबुजून चुकीच्या मापाचा तुकडा त्यात घालतो. गेजने तो नाकारला तर गेज चांगला. मी तसंच केलं. वाटलेलं, तू लाल शाईत ‘थापा मारू नकोस’ लिहिशील आणि मी हसत सुटेन. तू तर सायकलला रंगसुद्धा दिलास.

हनुवटी एकदा आरशात बघ. आणि ऋतिकाला मी काय सांगू, ते तूच सांग.

रागव, पण उत्तर दे.
तुझा प्रफुल्ल

—

डोंबिवली, २० नोव्हेंबर २०२५

चि. प्रफुल्ल यास आशीर्वाद.

आरशात पाहिलं. त्याआधी बोटाने चाचपलं. काही नाही.

बाईंची परीक्षा घेतलीस, आणि बाई नापास झाल्या. दिवसभर तुझा राग आला. मग वाटलं, कोणाला तरी कळलं ते बरं झालं.

दोन वर्षं झाली रे. ‘विसरले’ म्हटलं की लोक थांबतात, तोंडाकडे बघतात, काय विसरलात म्हणून विचारतात. तेच इंग्रजीत म्हटलं की हसून पुढे जातात. सगळे वाक्प्रचार मी तसेच वापरले, दाराला पडदा लावावा तसे. हिरव्या सायकलचं मात्र मी खोटं बोलले नाही. मला ती दिसली होती. भीती वाटते ती त्याचीच. गेल्या आठवड्यात गॅसवर दूध ठेवून मी भाजीला गेले, शेजारच्या संचिताने दार उघडून बंद केला.

ऋतिकाला मीच सांगायला हवं. पण सांगायचं ठरवते आणि फोनवर तेवढंच राहून जातं. म्हणून हे पत्रच तिला पाठव. मी पुढे काहीही म्हटलं तरी पाठव. ही तुझ्या अक्काची आज्ञा समज.

तुझी अक्का

—

डोंबिवली, २२ नोव्हेंबर २०२५

चि. प्रफुल्ल यास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं भाऊबीजेचं पत्र टेबलावर सापडलं. उत्तर द्यायचं राहूनच गेलं होतं, ‘स्लिप्ड माय माइंड’! धोंडिबाची बरी आठवण काढलीस. थंडी पडली की हनुवटीचे टाके अजून ठणकतात.

ऋतिकाला सांग, आई ठणठणीत आहे. बाकीच्या भानगडी तिला कळवू नकोस.

घरी सर्वांना माझी आठवण सांग.
तुझी अक्का

—

कळवा, २७ नोव्हेंबर २०२५

चि. ऋतिकास मामाचे आशीर्वाद.

आईची दोन पत्रं सोबत पाठवतोय. काल एकाच टपालात आली. वीस तारखेचं आधी वाच, मग बावीसचं. दुसरं वाचताना खाली बस. दोन्हींत आज्ञा आहे. मी पहिली पाळतोय, ती देताना तिला सगळं ठाऊक होतं.

सोमवारी डॉक्टरांची वेळ घेतली आहे. तू पोचेपर्यंत मी डोंबिवलीला तिच्याकडेच झोपतोय, गॅसची काळजी करू नकोस. फ्लॅटचं, बंगळूरचं तिच्यासमोर बसून ठरवू, पाठीमागे नको.

आणखी एक. काल मी गेलो तेव्हा तिला वीस तारखेचं पत्र आठवत नव्हतं. तुझ्या नवऱ्याचं नाव आलं नाही. धोंडिबाचं मात्र लगेच आलं. त्याने तिला दवाखान्यात कसं नेलं, ते तिने मला सांगितलं. एवढं तर मी लिहिलंही नव्हतं. खरं एकेक चाललंय आणि मी घातलेलं खोटं तेवढं तिथे घट्ट बसलंय.

तुला हनुवटी दाखवेल. हो म्हण.

तुझा मामा,
प्रफुल्ल