दहा नंबरचा पाना

३ फेब्रु., मंगळ.
गाडीच्या इंजिनमधला बिघाड दाखवणारा पिवळा दिवा विझला एकदाचा. सेन्सर बदलून बापू मेस्त्रींनी जुनी नोंद पुसली. "आता गाडीचा कॉम्प्युटर कोरा हाय, ताई. परत शिकवायला लागतंय. सकाळी गार इंजिन चालू करून थोडं जागेवर ठेवा. मग हायवेला एका वेगात. शेवटी अ‍ॅक्सिलेटरवरचा पाय काढायचा, गाडी आपली आपण हळू होऊ द्यायची. ब्रेक न्हाय. दोन-चार दिवस असं चालवा, मग मशीन लावून बघू."
दादाची अट: शनिवारपर्यंत दिवा परत लागला तर गाडी विकायची. सोमवारी वारणानगरला कॉलेजात रुजू व्हायचंय मला. "एस्टी हाय की!" आहे. पण पुण्यातला संसार सोडून माहेरी आले ते कपड्यांची बॅग नि ही गाडी घेऊन. बॅग वहिनीच्या माळ्यावर गेली. गाडी नाही जाणार.

५ फेब्रु., गुरु.
उजाडताच निघाले. माहेरच्या मंगळवार पेठेतल्या गल्ल्यांत एका वेगात चालवायचं म्हणजे... हायवेला जमलं. उसाची ट्रॉली मागे टाकली, पाय उचलला. गाडी स्वतःच्या मनानं हळू होत गेली. डोळे का भरले, कळेना.

६ फेब्रु., शुक्र.
गाडीतलं घड्याळ बारा दाखवतंय, सकाळी सातला! दादा चहा पीत म्हणतो, "रात्री बॅटरीची वायर काढलीती. उभ्या गाडीची उतरती. आत्ता लावली की."
"अरे, शिकवलेलं सगळं पुसलं!"
"गाडी काय बालवाडीत हाय व्हय?"
वहिनी हसली. मीही हसले असते.
बापूंना फोन. पुन्हा पहिल्यापासून.
दादाला सांगितलं, उद्या शेजारी बसायचं.

७ फेब्रु., शनि.
मी पाय काढला तसा दादा स्वतःच्या पायानं गाडीचा तळ दाबायला लागला.
"शुभे, ब्रेक मार की! ट्रॉली!"
"लांब आहे. मारायचा नाही."
"जीव घेतीस काय!"
वेग उतरत गेला. ट्रॉली आपली पुढं निघून गेली. दादानं पाय तळावरून उचलला. मग, "चालवतीस बरी. तरी विकूया. गिऱ्हाईक उद्या यायचंय."
"येऊ दे. चहा करीन."
दुपारी बापूंनी मशीन लावलं. गाडीच्या कॉम्प्युटरची एक तपासणी अजून बाकी. दिवा मात्र बंद, आणि अट दिव्याची होती. दादा म्हणे, "उद्याचं उद्या बघू."
बॅटरीची वायर ज्यानं सुटते तो दहा नंबरचा पाना दादाच्या पेटीतून काढून घेतलाय. माझ्या पर्समध्ये आहे. सोमवारी इंजिन गार असतानाच निघायचं.