तोकडा पट्टा

तीर्थरूप दादास धाकट्याचा वाकून नमस्कार (कंबर अजून वाकते, एवढं वहिनींना कळव).

तुझं पत्र पोचलं. जुन्या मापावर कोट शिवून पाठव म्हणतोस, त्याकडे येतोच. डोकं रोज दुखतं पण तपासायला सवड नाही, हेही वाचलं. मी मात्र ठणठणीत आहे, फक्त गल्लीतलं आरोग्य केंद्र ते मानायला तयार नाही.

दादा, ब्लडप्रेशर माझं एकट्याचं, पण त्याच्यामागे माणसं चार! नर्सबाई मोजतात, औषधवाला गोळ्या देऊन कार्डावर तारीख टाकतो, आरोग्यताई घरी येऊन मीठ किती घालता विचारते आणि डॉक्टर सहा महिन्यांतून एकदा दर्शन देतात. मी पहिल्याच दिवशी बजावलं, की काजं कोणीही करो, माप मालकच घेतो. मला डॉक्टरच हवेत. नर्सबाई म्हणाल्या, "काका, हात टेबलावर ठेवा आणि गप्प बसा." (बोलताना आकडा वाढतो म्हणे. मग माझा उतरायचा कधी?) आकडा आला एकशे ब्याऐंशी. मी खिशातून टेप काढली, दंड मोजला, त्याला गुंडाळलेला पट्टा मोजला आणि पट्टा तोकडा आहे हे सगळ्या रांगेसमोर सिद्ध केलं. चाळीस वर्षं बाह्या शिवतोय, मला शिकवतात! त्यांनी मुकाट्याने मोठा पट्टा आणला. एकशे अडुसष्ट! तरीही जास्तच आहे, गोळी रोज घ्या, असं त्या म्हणत होत्या, पण मी जिंकलो होतो. जिंकलेल्या माणसाने गोळ्या कशाला घ्यायच्या? डबी बटणांच्या खणात गेली.

महिनाभर मजेत होतो. मग औषधवाल्याने चुगली केली, की हे पुढच्या गोळ्या न्यायला आलेच नाहीत. लगेच आरोग्यताई दुकानात हजर, हातात उसवलेली पिशवी. (निमित्त! दोरा ताजा कापलेला होता, मला कळत नाही?) मी कोट बेतत होतो. तिच्याशी भांडता भांडता कात्री पडली. उचलायला गेलो तर बोटं मिटेनात. उजव्या हाताची. ताईने वाद तिथेच सोडला आणि मला गाडीत घालून थेट मोठ्या दवाखान्यात नेलं. पंधरा मिनिटांनी हात परत आला. हा पक्षाघाताचा इशारा होता, असं तिथले डॉक्टर म्हणाले. फार घाबरलो, दादा. तरी शरण गेलेलो नाही. मीठ मी मनात येईल तेव्हा खातो (बरणी हिने कुठे लपवली आहे, ते मात्र कळत नाही).

मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, नर्सबाईंना काहीही नाही.

तुझा न हरलेला,
धाकटा

ता. क. गोळी रोज घेतो, सुईत दोरा ओवायच्या आधी. गल्लीत बोलू नकोस.

आणखी एक. कात्री पडली तेव्हा बेतत होतो, तो कोट तुझाच होता. त्या सकाळी कापलेल्या दोन्ही बाह्या डाव्या निघाल्या. नवं कापड आणलं आहे, पण जुन्या मापावर मी शिवणार नाही. मंगळवारी ये. आधी नर्सबाई तुझा दंड बघतील, मोठा पट्टा सांगून ठेवला आहे. बाबांचा उजवा हात सहा वर्षं मांडीवर पडून होता आणि घास तूच भरवायचास. तो हात मी त्या दिवशी माझ्या खांद्याला पाहिला, तुझ्या खांद्याला मला पाहायचा नाही. गुपचूप ये, नाहीतर दोन डाव्या बाह्यांचाच कोट पाठवतो.